डायमंड क्रॉसिंग

चौतीस वर्षं मी सिग्नलला कधी 'का' विचारलं नाही.
लाल म्हणजे लाल.
भर माळावर, पुढं-मागं चिटपाखरू नसताना
पाऊण पाऊण तास उभा राहिलोय
डब्यातली भाकर खात, त्याच दिव्याकडे बघत.
आज्ञापालन मला शिकवू नका, पाळकसाहेब,
मी पगारच त्याचा घेत होतो.

तरी प्रभूच्या प्रार्थनेत ती इच्छेची ओळ आली
की मी गप्प होतो.
मंडळी पुढं निघून जाते.
मी रोजच्या भाकरीपाशी त्यांना परत गाठतो.
तीन वर्षं झाली.

बुटीबोरीच्या अलीकडे, मार्चमधली सकाळ.
पोरगा रुळावर आला आणि वळून बघायला लागला,
कुणी नाव घेऊन बोलावल्यासारखा.
एकशे दहाचा वेग, मागं बावीस डबे.
भोंगा दाबून धरला, ब्रेक मारला,
आणि तोंडून निघालं, देवा, थांबव.

नऊशे मीटर.
टेप लावून मोजलंय, रिपोर्टात आहे.
मी माझा ब्रेक लावला होता.
तुझा कुठं होता?

चौकशी झाली. चालक निर्दोष. सही, शिक्का.
दुसऱ्याला कुणी बोलावलंच नाही.

पंचनाम्याला पोराचा बाप आला,
जिनिंगवरचा हमाल, केसात कापूस अडकलेला.
वाटलं मारेल. मारायला हवं होतं.
म्हणाला, "साहेब, तुमी भोंगा वाजवला व्हता ना?"
वाजवला, म्हटलं. शेवटपर्यंत.
"मंग बरं. कोनी तं आवाज देल्ला त्याले."
आणि चपला हातात घेऊन खडीतून चालत गेला.

ते 'मंग बरं' अजून गिळलं जात नाही.

एस्तेर काही म्हणत नाही.
फक्त त्या ओळीला जरा हळू होते,
सुईत दोरा ओवताना होते तशी,
माझ्यापुरती जागा ठेवून.

यंदाच्या शुभशुक्रवारी, बारा ते तीन,
कूलरमधलं पाणी संपलेलं,
वाळ्याचा नुसता वास फिरतोय,
आणि पाळक त्या बागेतल्या रात्रीबद्दल बोलत होते.
ते वचन मला शाळेपासून पाठ,
कंपासपेटी मिळाली होती बक्षीस.
पण त्या दुपारी ते मी केबिनमधून ऐकलं.
रात्र. रुळावर एक मुलगा.
समोरून येणारं त्याला दिसतंय,
आणि तो म्हणतोय, थांबव.
तिथंही लागला नाही ब्रेक.
बापाच्या हातात असून.

यानं माझं समाधान झालं असं समजू नका.
राग दुप्पट झाला.
पण आता त्या रागात शेजारी कुणी बसलं होतं,
उजव्या खिडकीशी असिस्टंट बसतो तसं,
डोळे पुढच्या रुळावर, न बोलता.

मोहननगरातून चालत निघालो, ऊन डोक्यात,
आणि पाय आपोआप डायमंडकडे वळले.
लोकांना वाटतं, तिथं रस्ता निवडायचा असतो.
पाळकांनाही तसंच वाटतं:
एकीकडे बंड, एकीकडे शरण, निवड, शांतवन.
पण डायमंडला सांधाच नसतो, साहेब.
वळवायला काही ठेवलेलंच नाही.
हावड्याची लाइन दिल्लीच्या लाइनीला कापून जाते
आणि जो कुणी जाईल
त्याच्या चाकाखाली दुसरीचं लोखंड वाजतं.
मी तारेला धरून उभा राहिलो.
एक मालगाडी गेली, कोळशाची, अठ्ठावन्न वाघिणी,
प्रत्येक चाक खटखटलं.

रविवारी ती ओळ आली.
एस्तेर हळू झाली.
स्वर्ग झाला, पृथ्वी झाली,
'तुझ्या' पर्यंत मी आलो, आणि तिथं चढावर अडलो,
शरण म्हणून नाही,
तक्रारीत नाव भरावं लागतं, तसं.
पुढचं ओझं तिनं मागून लोटलं
मरामझिरीच्या घाटात बँकर लोटतो तसं,
माझ्याकडे न बघता.

बाहेर कुठल्या तरी गाडीनं भोंगा दिला.
लांब. खूप लांब.
आमेन झालं तरी मी मोजतच होतो.